एकोणीस मिनिटं कुणाची

आदितीचं लक्ष आता एकोणीस मिनिटं टिकतं, असं भाग्यश्री मॅडमनी सांगितलं आणि अण्णासो मगदुमांनी बशीत ओतायचा चहा मांडीवर ओतला. चहा चांगला कढत होता, तरी ते हूं की चूं करेनात. शाहूपुरीतल्या थेरपी सेंटरची दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. खालच्या अडत दुकानातल्या गुळाचा वास जिना चढून वर येतो आणि खुर्च्यांच्या गाद्यांत बसून राहतो. मॅडम गडहिंग्लजच्या, वय तिशीच्या आत, बोलणं एसटीच्या कंडक्टरसारखं भरभर. त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची निळी रेघ बोटानं दाखवत होत्या. मार्चमध्ये ती रेघ जमिनीवर सरपटत होती आणि आता मेच्या मध्यात जोतिबाचा डोंगर चढावा तशी वर निघाली होती. सून अनुजा ओढणीचं टोक तोंडात धरून रडू आवरत होती. आणि जिची ही रेघ, ती सात वर्षांची नात आदिती कोपऱ्यात उकिडवी बसून डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होती. झाकण थांबलं की परत, थांबलं की परत. “एकोणीस! मॅडम, चुकलं तर नसंल?” अनुजानं विचारलं. “मशीन खोटं बोलत नाही, वहिनी,” मॅडम म्हणाल्या, आणि पत्राचा कागद त्यांनी समोर ओढला. शाळेनं पत्र मागितलं होतं. मुलगी दहा मिनिटं तरी लक्ष देऊन बसते असं सेंटरनं लिहून द्यावं, मग पहिलीतल्या प्रवेशाचं बघू, असं मुख्याध्यापिकाबाईंनी अनुजाला उभ्या उभ्याच सांगितलं होतं. पत्र छापून तयार होतं. सही तेवढी राहिली होती. मशीन खोटं बोलत नव्हतं, हे अण्णासोंइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीस मिनिटं अगदी खरी होती. फक्त ती आदितीची नव्हती. ती अण्णासोंची होती.

आता अण्णासोंना ओळखणारा कुणीही म्हणेल, ही आणखी एक लोणकढी थाप. आणि त्याचं चुकणार नाही. कागलजवळच्या त्यांच्या गावात तर मगदुमाच्या अण्णासोचं बोलणं ऐकायचं असतं, धरायचं नसतं, हे पोरांना पाळण्यातच कळतं. त्यांची म्हैस महापुरात वाहून गेली ती शिरोळात आठ दिवस पाहुणचार घेऊन, व्याली आणि रेडकाला पाठीवर बसवून उलट्या धारेनं पोहत घरी आली, ही गोष्ट त्यांनी किमान पाचशे वेळा सांगितली असेल. आणि पाचशे वेळांत एकदाही सारखी नाही. म्हैस कधी शिरोळला थांबायची, कधी नरसोबाच्या वाडीला, आणि समोरचं पावणं जरा वजनदार निघालं तर थेट विजापूरपर्यंत जायची. एकदा तर ती येताना कानडी शिकून आली होती. बायको गेल्यावर शेती धाकट्या भावाच्या हवाली करून ते कोल्हापुरात मुलाकडे, वृषभकडे राहायला आले, तेव्हा त्यांना वाटलं होतं, नात झालीय, आता आपल्या म्हशीला हक्काचं कान मिळालं. पण नातीनं म्हैस ऐकली नाही. शिरोळ म्हणता म्हणता ते एक दिवस वाडी म्हणाले, तशी तिनं दोन्ही कान दाबून धरले आणि अशी किंचाळली की शेजारचे लोक दारात आले. तिला तेच ताट लागायचं, तोच रस्ता, तोच हिरवा फ्रॉक. पुढं डॉक्टरांनी त्याला नाव सांगितलं, ऑटिझम. वृषभनं वाचलं, अनुजानं वाचलं. अण्णासोंनी वाचलं नाही. त्यांनी एवढंच मनाशी धरलं की आपल्या घरात अशी एक व्यक्ती जन्माला आली आहे, जिला आपली एकही गोष्ट चालत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला हे सहज पचत नाही.

मार्चमध्ये सेंटरनं तो चष्मा घरी नेऊन वापरायला दिला. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा काळा डबाच तो. घाण्याच्या बैलाला लावतात तसलं झापड, असं अण्णासोंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि घरात तेच नाव पडलं. अनुजा तीन वाजेपर्यंत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला जायची, वृषभ कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. तेव्हा रोज दुपारी दोन वाजता आदितीला झापड लावायचं काम आज्जाकडे आलं. मॅडमनी त्यांना बटण दाबून दाखवलं, पट्टा किती आवळायचा ते दाखवलं. आत एक रिकामी खोली असते, म्हणाल्या, एक खिडकी असते आणि एक बाई गोष्ट सांगते. तिच्याकडे बघत राहिलं की ती सांगत राहते. नजर हलली की थांबते. बस्स. दिवसागणिक मूल जास्त वेळ बघायला शिकतं. आदितीनं पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांनी झापड काढून ठेवलं आणि ती झाकणाकडे गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अण्णासोंना वाटलं, पोर भिते की काय? आत ठेवलंय तरी काय असं? म्हणून त्यांनी पट्टा सैल करून ते आपल्या डोळ्यांवर चढवलं. त्यात वाईट काही नव्हतं. तापलेलं दूध लेकराला द्यायच्या आधी आपण बोट बुडवून बघतो की.

आत पिवळ्या साडीतली बाई होती. “मिनू पिशवी घेऊन बाजारात गेली,” ती म्हणाली. “मिनूने अर्धा किलो कांदे घेतले.” अण्णासो जैन घरातले, आयुष्यात कांद्याला न शिवलेले, त्यांनी नाक मुरडलं आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीत एक पोपट होता. बाई थांबली. ते पोपट बघून, छत बघून, आपले हात कुठं गेले ते शोधून परत आले, तरी बाई तिथंच होती. तोंड किंचित उघडं, पुढचा शब्द ओठावर. रागावली नव्हती. हं म्हणाली नाही, लक्ष कुठाय म्हणाली नाही. त्यांनी बघितल्याबरोबर म्हणाली, “कांदे पिशवीत ठेवले.” झापड काढलं तेव्हा बारक्या अक्षरांत आकडा आला होता: बावीस सेकंद. नातीपेक्षा अठरानं कमी! हे मात्र अण्णासोंना लागलं. माणूस सगळं सोसेल, पण बाजाराच्या पिशवीपुढं हार? त्याच्या दुसऱ्या दिवशी आदितीचं झालं की त्यांनी परत चढवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. झापडाला काय, ज्याच्या डोळ्यांवर चढेल ती आदिती. ते आपलं इमानानं मिनिटं मोजून सेंटरला धाडत होतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

कांदे झाले, कोबी झाला. वांग्यांशी आल्यावर अण्णासोंची खात्री पटली की आता वांग्यातून विंचू निघणार. निघाला नाही. मिनूनं वांगी पिशवीत ठेवली. पुढं भोपळा आला, तेव्हा भोपळ्यात निदान कुणीतरी बसलेलं असेल असं वाटलं, कुणी नव्हतं. अशी अळणी गोष्ट त्यांनी जन्मात ऐकली नव्हती आणि तरी दुपारचे पावणेदोन झाले की त्यांचे हात झापडाकडे जायला लागले. का, ते त्यांना बरेच दिवस कळलं नाही. गोष्टीसाठी जात नव्हते ते. ती बाई थांबायची, त्यासाठी जात होते. गावच्या शाळेत कोरे गुरुजी कान पिळून म्हणायचे, “मगदूम, माझ्याकडं बघ!” आणि अण्णासोंना गुरुजींच्या डोळ्यांत बघणं म्हणजे भर बाराच्या सूर्याकडे बघितल्यासारखं व्हायचं, डोळे आपोआप खाली घसरत आणि गुरुजींच्या वहाणेवर जाऊन टेकत. कान आणखी पिळला जायचा. पुढं सगळं गाव ते चपलांवरून ओळखायला शिकले. आणि मग केव्हातरी, अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांना म्हैस सापडली. हात फिरवून पूर दाखवला, शेपटी दाखवली की सगळी मंडळी म्हशीकडे बघत. अण्णासोंकडे कुणी बघत नसे. किती सुटसुटीत झालं सगळं! लग्न झालं, पोरं झाली, सोसायटीची निवडणूक लढवली, सगळं त्या म्हशीच्या आडून. बायको एवढी म्हणायची अधूनमधून, “अवं, बोलतासा माझ्यासंगट आणि बघतासा भिंतीकडं. भिंतीला लेकरं झाल्यात व्हय?” ते हसण्यावारी न्यायचे. आता या काळ्या डब्यात एक बाई होती, तिचे डोळे खरे नव्हते म्हणून त्यांना ते पोळत नव्हते. आणि नजर सुटली तर ती कान न पिळता उभी राहत होती, कितीही वेळ. त्या दुपारी कधी आदितीच्या झाकणाचा आवाज बाहेरून आत यायचा. गरगर, गरगर, टप्प. तेव्हा त्यांना वाटायचं, ही पोर आणि मी, आम्ही एकाच शेतातली दोन ढेकळं तर नव्हे? पण हा विचार ते पुढं जाऊ देत नसत. विचार करता करता नजर हलायची आणि बाई थांबायची.

गेल्या सोमवारी गोष्ट संपली. मिनू घरी आली. मिनूनं पिशवी आईला दिली. आई म्हणाली, “छान.” इतकंच. ना राजा, ना रेडकू. बाई हसली आणि खोली हळूहळू काळी झाली. अण्णासो बसूनच राहिले. काचा आतून धुरकट झालेल्या दिसल्या, तेव्हा त्यांना कळलं की आपल्या डोळ्यांना पाणी आलंय. त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं, झापडाचं आणि स्वतःचंही, आणि अनुजा यायच्या आत डबा जागेवर ठेवला. ती ही एकोणीस मिनिटं.

“सोमवारी एकोणीस झाली ना,” मॅडम सांगत होत्या, “मग मंगळवारी मशीननं आपोआप पुढची पायरी लावली. बाजारातली गर्दी, बँड, गाड्यांचे हॉर्न. त्यानंतर वापरलेला दिसत नाही, पण होतं असं सुरुवातीला.” मांडीवरचा चहा गार व्हायला लागला होता. मंगळवारी आदितीनं झापड लावलं, पाच सेकंदांत भिंतीवर फेकलं आणि स्वतःच्या मनगटाला असा चावा घेतला की दातांची चंद्रकोर अजून दिसत होती. अण्णासोंनी तेव्हा अनुजाला सांगितलं होतं, उन्हानं पोर किरकिरी झालीय. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांपुढं साठ पोरांचा वर्ग आला. घंटा, बाकं, ओरडणाऱ्या बाई आणि त्या सगळ्याच्या मध्ये आपली नात, आज्जाची एकोणीस मिनिटं गळ्यात बांधून बसवलेली. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

“मॅडम, सही करू नगा.”

“का हो आजोबा?”

“ती एकोणीस मिनिटं माझी हाईत. झापड मी लावत होतो. रोज, तिचं झाल्यावर.”

मॅडम आधी हसल्या. सेंटरमध्ये अण्णासोंची म्हैस सगळ्यांना ठाऊक होती. अनुजा मात्र हसली नाही. “मामा,” ती म्हणाली; सासऱ्यांना ती मामाच म्हणायची, “आजचा एक दिस तरी ऱ्हाऊ दे की वं. का ते झापड म्हशीला लावलं हुतं?”

“खरं सांगालोय, पोरी.”

“तुमचं खरं कुठलं, ते तुमच्या म्हशीला तरी म्हाईत हाय का? दोन वर्सं मी हितं येतीया. पहिल्यांदा कोण काय चांगलं बोललं तर त्यातबी तुमाला तुमचं नाव घुसवायचं हाय!”

आयुष्यभर जे पेरलं ते उगवलं होतं, आणि पीक जोरात होतं. अण्णासो दाराशी काढलेल्या तिच्या चपलांकडे बघत उभे राहिले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “बरं आजोबा, तुम्ही बघितलंय ना? मग गोष्ट सांगा. मिनूची. ही गोष्ट मीच लिहिलीय आणि आदिती सोडली तर आमच्या सेंटरमधलं एकही मूल अजून वांग्यांच्या पुढं गेलेलं नाही.” त्यांनी गोष्टीचा कागद काढला.

अण्णासो खुर्चीत बसले. मिनू पिशवी घेऊन बाजारात गेली, ते म्हणाले. मिनूने अर्धा किलो कांदे घेतले. कांदे पिशवीत ठेवले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला, पुस्तकातल्यासारखा. हात उचलायची सवय, ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले. वांग्यांपाशी विंचू आलाच. नांगी वर करून जिभेच्या टोकावर बसला, बाहेर पडायला अगदी तयार. त्यांनी तो गिळला. भोपळ्यात एक आख्खी म्हातारी दडलेली होती. तिलाही त्यांनी आतच राहू दिलं. बाजाराच्या वेशीपाशी म्हैस तर केव्हापासून शिंगं हलवत उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. मिनू दमली. मिनू ओट्यावर बसली. मिनू उठली. मिनूने कोथिंबीर घेतली. मॅडमचं बोट कागदावर ओळीमागून ओळ उतरत होतं आणि चेहऱ्यावरचं हसू उतरत होतं. कपाळावर घाम आला तरी अण्णासोंनी एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही. पाचशे वेळांत जे कधी जमलं नव्हतं ते. मिनू घरी आली. मिनूने पिशवी आईला दिली. आई म्हणाली, “छान.”

“शब्द न् शब्द,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

अनुजा बघतच राहिली. कागद तिनं बघितला नव्हता, तिला त्याची गरज नव्हती. इतकी अळणी गोष्ट मामांनी स्वतःहून मेले तरी सांगितली नसती. “कधीपासनं?” तिनं विचारलं.

“दोन म्हैनं झालं.”

“म्हंजी ह्यातलं तिचं कायबी न्हाय? एवढी रेघ वर गेली, त्यात माझ्या लेकीचं टाचभरसुदिक न्हाय?”

अण्णासोंना वाटलं, कुणी कान पिळला असता तर बरं झालं असतं. मॅडमनी खुर्ची पडद्याकडे वळवली. रोज दोन नोंदी होत्या, एक आखूड आणि तिच्यामागून एक लांब. मॅडम त्या दिवसातली मोठी नोंद तेवढी धरत आल्या होत्या. आजवर कुठल्या घरात दोन माणसं एका चष्म्याला बसली नव्हती. लांब नोंदी त्यांनी एकेक करून काढून टाकल्या. जोतिबाचा डोंगर खाली बसला. उरली ती एक बारीक रेघ: चाळीस सेकंद, पंचावन्न, मध्येच परत तीस, मग दीड मिनिट, दोन, गेल्या रविवारी तीन मिनिटं पन्नास. “हे आदितीचं,” मॅडम म्हणाल्या. “पण मंगळवारनंतरचं माहीत नाही. एवढी घाबरल्यावर मुलं पुन्हा शून्यावर येतात. कधी हातसुद्धा लावत नाहीत.”

त्यांनी पहिली पायरी परत लावली आणि झापड फरशीवर, झाकणापासून हातभर अंतरावर ठेवून दिलं. आणि तिघं मागं सरकून बसली. खाली हमाल ढेपा उतरवत होते. आदितीनं झाकण फिरवलं. परत फिरवलं. अण्णासोंच्या तोंडात शब्द जमले, लई भारी शब्द, कुठलंही पोर उठून येईल असे. अनुजानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी ओठ मिटले आणि ते मिटलेलेच ठेवणं हे त्या दिवशीचं दुसरं अवघड काम ठरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आदितीनं एक बोट पुढं केलं, काळ्या डब्याला लावलं, मागं घेतलं. मनगटावरची चंद्रकोर चाटली. मग दोन्ही हातांनी डबा उचलून तिनं स्वतःच तोंडावर धरला. मॅडम सरकत सरकत गेल्या आणि पट्टा लावून तशाच मागं आल्या. पडद्यावर आकडे पळायला लागले.

एक मिनिट. दोन. आत बाई कोबी पिशवीत ठेवत असेल, अण्णासोंनी मनात धरलं, आता पोपट. आकडा थांबला. अनुजानं ओढणी घट्ट धरली. आकडा परत चालू झाला. आज्जाला पोपट ओलांडायला आठवडा लागला होता. तीन मिनिटं. तीन पन्नासला अनुजा उभी राहिली. चार झाली. मग आदितीनं डबा डोक्यावरून काढला, फेकला नाही, मॅडमच्या मांडीवर ठेवला आणि दाराशी जाऊन आपल्या चपला घालायला लागली. उजवी डाव्या पायात.

मॅडमनी छापलेलं पत्र फाडलं आणि नवं हातानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता बोलत होत्या. मुलगी स्वमग्न आहे. तिला दाराजवळ बसवावं. चार मिनिटं ती लक्ष देते, मग उठते. उठली तर ओरडू नये, एक फेरी मारून ती परत येते. “हे आधीच माहीत असलं तर बाईंना राग येणार नाही, वहिनी. एकोणीस लिहिली असती तर पाचव्या मिनिटाला हिला शिक्षा झाली असती.”

“शाळा घील का?”

“ते मी कसं सांगू? उद्या मी फोन करते. नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघू.”

अनुजा अण्णासोंशी दोन-तीन दिवस तरी बोलणार नव्हती, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. ती मॅडमच्या खांद्यावरून वाकून कागद वाचत होती. चार मिनिटं, असं लिहून मॅडमनी पूर्णविराम दिला, तशी तिनं त्या टिंबावर बोट ठेवलं.

“मॅडम, चार मिनिटं बारा सेकंद झालीत,” ती म्हणाली. “बारा सेकंद लिहा की.”